आवाज थांबले, पण मुलाचा दिवस सुरू होत नाही

प्रश्न : मी नागपूरला मानेवाडा भागात राहते. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. दहावीच्या वर्षी तो हळूहळू गप्प होत गेला, क्रिकेट सोडले, मित्रांचे फोन घेईनासा झाला. आम्हाला वाटले, अभ्यासाचे दडपण असेल. अकरावीत दिवाळीच्या सुमारास त्याला आवाज ऐकू येऊ लागले आणि शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, असे तो म्हणू लागला. मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. दहा महिन्यांपासून रिस्पेरिडोन सकाळी २ आणि रात्री २ मिलिग्रॅम, सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल असे औषध चालू आहे. आवाज आणि संशय तीन महिन्यांत गेले. परंतु तो अकरा वाजेपर्यंत उठत नाही, आंघोळीसाठी दहा वेळा सांगावे लागते, पानभर वाचले की पुस्तक मिटतो. वजन अकरा किलोंनी वाढले आहे. त्याचे काका म्हणतात, गोळ्यांनीच पोरगा मठ्ठ झाला. क्लासचे सरही तसेच सुचवतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे, म्हणून त्याच्या बाबांनी आठ दिवसांपासून डॉक्टरांना न विचारता सकाळची गोळी बंद केली आहे आणि खरे सांगायचे तर तो थोडा ताजातवाना दिसतो आहे. परीक्षेपर्यंत असेच ठेवले तर चालेल का? हा मंदपणा गोळ्यांचा आहे की आजाराचा?
– एक आई, नागपूर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळण्याआधी बंद केलेल्या गोळीविषयी लिहिणे भाग आहे, कारण ती गोष्ट लांबणीवर टाकण्यासारखी नाही. आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करून आठ दिवसांत जे घडले ते जसेच्या तसे सांगावे आणि ते सांगतील त्याप्रमाणे मात्रा पूर्ववत करावी. डॉक्टर रागावतील या भीतीने हे लपवू नये. मुलगा प्रत्यक्षात २ मिलिग्रॅम घेत असताना डॉक्टर ४ मिलिग्रॅम धरून चालले, तर त्यांचा पुढचा प्रत्येक निर्णय चुकीच्या माहितीवर होईल.

तो ताजातवाना दिसतो, हे आपले निरीक्षण मी खोटे मानत नाही. औषधाची गुंगी आणि अंगातला जडपणा मात्रा उतरली की काही दिवसांत कमी होतो. आजार उलटण्यापासून मिळणारे संरक्षण मात्र आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ओसरते. म्हणून गोळी कमी केल्याचा फायदा आधी दिसतो आणि तोटा मागाहून येतो, आणि तो येतो तेव्हा घरातले त्याचा संबंध जागरणाशी, परीक्षेच्या ताणाशी किंवा कुणाच्या बोलण्याशी जोडतात, गोळीची आठवण कुणालाच राहत नाही. आजाराच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात औषध थांबवणाऱ्यांना आजार पुन्हा उलटण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. आपल्या मुलाचे आवाज थांबून जेमतेम सात महिने झाले आहेत आणि पहिल्या झटक्यानंतर निदान एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. आज कमी केलेल्या गोळीचा परिणाम डिसेंबर-जानेवारीत दिसू लागला, तर ज्या परीक्षेसाठी हे केले तीच हातची जाईल आणि दुसऱ्या झटक्यातून सावरायला पहिल्यापेक्षा अधिक वेळ लागू शकतो.

तरीही बाबांच्या हातून एक उपयोगाची माहिती पुढे आली आहे. सकाळची गोळी नसली की मुलगा थोडा ताजातवाना दिसतो, हे वाक्य डॉक्टरांना याच शब्दांत सांगावे, कारण औषधाची वेळ किंवा मात्रा बदलण्याचा विचार अशाच माहितीवरून सुरू होतो.

आता मंदपणाविषयी. मी आपल्या मुलाला तपासलेले नाही, पण आपल्या पत्रावरून मला वाटते की त्यात गोळ्यांचाही वाटा आहे आणि आजाराचाही, आणि हे दोन वाटे वेगळे करून पाहिल्याशिवाय कुठलाही उपाय लागू पडणार नाही. रिस्पेरिडोनसारखी अँटिसायकोटिक औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे काम काही ठिकाणी रोखतात आणि त्यामुळे आवाज, संशय, विस्कळीत विचार खाली येतात. स्किझोफ्रेनियाची दुसरी बाजू म्हणजे उत्साह आटणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, माणसांत मिसळण्याची इच्छा न उरणे, लक्ष आणि स्मरण मंदावणे. या बाजूवर औषधांचा परिणाम फार थोडा होतो. आवाज गेले की मुलगा पूर्वीसारखा होईल अशी अपेक्षा बहुतेक घरांत असते, आणि ती पुरी झाली नाही की दोष एक तर गोळीला दिला जातो, नाही तर मुलाच्या आळसाला.

आपल्या पत्रातले एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. दहावीच्या वर्षी, म्हणजे पहिली गोळी घेण्याच्या कितीतरी आधी, त्याने क्रिकेट सोडले आणि मित्रांचे फोन घेणे बंद केले. आजार उघड होण्याआधी अनेक महिने अशी माघार सुरू झालेली असते. जे काही गोळीच्या आधीपासून होते ते गोळीने आलेले नाही, आणि म्हणून गोळी काढल्याने जाणारही नाही. आपण दोघांनी शांतपणे बसून दहावीचे वर्ष आठवावे आणि आंघोळ, झोप, मित्र, वाचन, हसणे-बोलणे यांतले काय केव्हा बदलले ते वहीत लिहून काढावे. ते पान केसपेपरबरोबर न्यावे.

औषधाचा वाटा ओळखण्याच्या खुणा वेगळ्या असतात. गुंगी घड्याळाशी बांधलेली असते, गोळीनंतरच्या काही तासांत गडद आणि नंतर विरळ. मुलगा दुपारी चारनंतर किंवा संध्याकाळी बराच सावध असतो का, हे पाहावे. जडपणा ओळखण्यासाठी तो चालत असताना त्याचे हात नीट हलतात का, पावले आखूड पडतात का, हात थरथरतात का, याकडे लक्ष द्यावे आणि त्याची दहावीची वही आजच्या वहीशेजारी ठेवून अक्षर बारीक झाले आहे का ते बघावे. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी हा जडपणा येऊ शकतो आणि तो चेहऱ्यावर उतरला की लोकांना तो मठ्ठपणा वाटतो. याच्या उलट काही मुलांना अशी अस्वस्थता येते की ती एका जागी बसूच शकत नाहीत, सारखी उठतात, येरझाऱ्या घालतात. घरच्यांना वाटते, अभ्यासातून पळ काढतो आहे. हा दुष्परिणाम अतिशय त्रासदायक असतो आणि तो डॉक्टरांना ताबडतोब सांगायला हवा.

ट्रायहेक्सिफेनिडिलचा विचार पुष्कळदा राहून जातो. ते जडपणा आणि थरथर कमी करण्यासाठी दिले जाते आणि अनेकदा एकदा लिहिलेले पुढे तसेच चालू राहते, पण त्याने स्मरण आणि एकाग्रता मंदावू शकते, तोंडाला कोरड पडते, दृष्टी जवळचे वाचताना धूसर होऊ शकते आणि बद्धकोष्ठ होते. पानभर वाचून पुस्तक मिटणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न आवर्जून विचारण्यासारखा आहे. कोरड पडते म्हणून मुले थंड पेयांच्या बाटल्या रिकाम्या करतात आणि वजन आणखी वाढते, हेही घरात तपासून बघा. हे औषधही मनाने एकदम बंद करू नये.

मात्रेविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येईल असे एक कारण आहे. रिस्पेरिडोन १३ ते १७ वयोगटात दिवसाला १ ते ६ मिलिग्रॅमपर्यंत वापरून पाहिले गेले, तेव्हा ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊन जास्तीचा लाभ दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. आपल्या मुलाला ४ मिलिग्रॅम का लागले, याचे उत्तर डॉक्टरांकडे असू शकते. कदाचित कमी मात्रेवर आवाज थांबले नसतील. परंतु ‘आता सात महिने स्थिर आहे, तर मात्रा सावकाश थोडी खाली आणून पाहता येईल का, आणि त्या काळात आम्ही कोणत्या खुणांवर लक्ष ठेवावे?’ हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे. घरी अर्धी मात्रा गुपचूप बंद करणे आणि डॉक्टरांच्या नजरेखाली तीच मात्रा काही आठवड्यांत उतरवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्रीची गोळी किती वाजता देता, तेही सांगावे. क्लास, जेवण होऊन ती साडेअकराला जात असेल तर सकाळ गुंगीत जाणारच. ती आधी देता येईल का, किंवा दोन वेळांची विभागणी बदलता येईल का, हे तेच ठरवतील.

अकरा किलो वजन ही किरकोळ बाब समजू नये. अमेरिकेत ८ ते १९ वयाच्या मुलांवर तीन औषधांची तुलना करणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवड्यांत ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी सहा किलोंनी आणि रिस्पेरिडोन घेणाऱ्यांचे साडेतीन किलोंच्या आसपास वाढले होते. आणि तिन्हींपैकी एकाही औषधाने निम्म्याहून जास्त मुलांना पुरेसा उतार पडला नव्हता. म्हणजे औषध बदलले की सगळे सुटेल असे नाही, पण मुलाची भूक ही हावरटपणा नसून औषधाचा परिणाम आहे, एवढे घरात सर्वांना कळायला हवे. कंबरेचे माप, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबी या तपासण्या झाल्या नसतील तर आता कराव्यात आणि पुढे ठरावीक अंतराने करत राहाव्यात. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकते, त्यामुळे मुलांच्या छातीला सूज येते किंवा दुखते. सतरा वर्षांचा मुलगा ही गोष्ट आईला सांगणार नाही. वजन आणि प्रोलॅक्टिन यांवर कमी परिणाम करणारे अरिपिप्राझोलसारखे औषध किंवा वजनासाठी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची जोड यांविषयी विचारता येईल. माझे मत असे की औषध बदलायचेच असेल तर ते आता, परीक्षेला अवकाश असताना करावे, डिसेंबरनंतर नको. कारण बदलाच्या काळात अस्वस्थता येऊ शकते आणि क्वचित आजारही डोके वर काढतो.

ताई, आपल्या पत्रात काकांचे म्हणणे आहे, क्लासच्या सरांचे आहे, बाबांनी काय केले ते आहे. पण मुलाचे स्वतःचे म्हणणे एका ओळीतही नाही. त्याला कोणत्या गोष्टीचा सर्वांत जास्त त्रास होतो, झोपेचा, वजनाचा, की वर्गमित्र पुढे गेल्याचा, हे त्यालाच विचारावे, आणि पुढच्या भेटीत दहा मिनिटे त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. या वयाची मुले गोळी सोडतात ती बहुतेक वेळा ज्या कारणासाठी सोडतात ते त्यांनी घरी कधी उच्चारलेलेच नसते. आणखी एक कठीण गोष्ट इथे लिहितो. भास ओसरले की मुलाला आपल्याबाबत काय घडले याची जाणीव होते आणि त्यातून नैराश्य येऊ शकते, जे बाहेरून पुन्हा मंदपणासारखेच दिसते. या आजारात आत्महत्येचा धोका सुरुवातीच्या वर्षांत अधिक असतो. ‘जगू नये असे कधी वाटते का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रात्री-अपरात्री आधार हवा असेल तर शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

घरातला दिवस बांधणे हे काम औषधाच्या बरोबरीने व्हायला हवे, आणि त्याची सुरुवात अभ्यासापासून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आधी उठण्याची वेळ. अकराला उठणाऱ्या मुलाला सहाला उठवण्याचा प्रयत्न फसतो. दहा वाजता, मग आठवड्याभराने साडेनऊ, असे खाली यावे आणि ती वेळ रविवारीही पाळावी. आंघोळीसाठी दहा वेळा सांगण्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी टॉवेल आणि कपडे बाहेर काढून ठेवून एकदाच, एका छोट्या वाक्यात सांगावे. कारण पुष्कळदा अडते ते सुरुवात करण्यापाशी. दूध आणणे, झाडांना पाणी घालणे, भाजी निवडणे असे एक काम पूर्णपणे त्याचे असावे आणि ते झाल्यावर झाले एवढेच म्हणावे, फार कौतुकही नको. संध्याकाळी बाबांबरोबर अर्धा तास चालणे वजनासाठी चांगले आहेच, शिवाय मन आणि एकाग्रता यांनाही त्याचा उपयोग होतो. अभ्यास त्याच्या सर्वांत जाग्या वेळेत, सुरुवातीला वीस मिनिटे, नुसते वाचण्यापेक्षा लिहून करावा, आणि जमते आहे तोवरच थांबावे.

घरातली भाषा हा या सर्वांचा पाया आहे. ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते तेथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळते, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंडीगडमधील अभ्यासात भारतीय कुटुंबे लंडनमधील कुटुंबांपेक्षा कमी टीका करणारी आढळली आणि त्यांच्या रुग्णांची वर्षभराची वाटचालही त्या मानाने चांगली होती. ही आपल्याकडची जमेची बाजू आहे, तिला काकांच्या ‘मठ्ठ’ या शब्दाने धक्का लागू देऊ नये. दिरांना हे आपण सांगण्यापेक्षा मुलाच्या बाबांनी सांगितलेले बरे.

नागपूरकरांसाठी एक सूचना, जी चिठ्ठीवर सहसा लिहिलेली नसते. अँटिसायकोटिक औषधांमुळे शरीराची उष्णता आवरण्याची क्षमता कमी होते आणि ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा अशा मुलाला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत दुपारचे क्लास आणि दुपारचा प्रवास टाळावा, तो कूलरच्या खोलीत असावा, तहान नसली तरी पाणी पीत राहावे. कोणत्याही ऋतूत खूप ताप, अंग ताठ होणे आणि असंबद्ध बोलणे ही लक्षणे एकत्र दिसली तर घरी उपाय न करता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते तेथे सांगावे.

औषधाबद्दल दुसरे मत घ्यावेसे वाटले किंवा मानसशास्त्रज्ञाकडून स्मरण आणि लक्ष यांची चाचणी करून घ्यायची असली, तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय येथे चौकशी करावी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची घाई आत्ता करू नये. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास सवलती मिळतात, एवढे लक्षात असू द्यावे.

राहिली परीक्षा. मार्क हा या वर्षीचा मापदंड ठेवू नये. नोव्हेंबरअखेर तो सकाळी ठरल्या वेळी उठत असेल, सलग पाऊण तास लिहू शकत असेल आणि त्याची स्वतःची इच्छा असेल, तर फेब्रुवारीला बसू द्यावे. कनिष्ठ महाविद्यालयाला विश्वासात घेऊन परीक्षेतील सवलतींसाठी अर्ज करता येईल का, ते त्यांच्याकडेच विचारावे. तसे नसेल तर वर्ष पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. शाखा बदलण्याचा विचार असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तर पाच वर्षांच्या मुदतीत एकेक-दोनदोन विषय देता येतात, आणि ज्याची एकाग्रता हळूहळू परत येते आहे अशा मुलाला हा मार्ग मला अधिक मानवणारा वाटतो. कोणता मार्ग घ्यायचा ते त्याला समोर बसवून, त्याच्या तोंडून ऐकून ठरवावे, आणि ठरल्यावर क्लासच्या सरांना व काकांना बाबांनी कळवावे.